ताई मोकळी तार टाळते

१२ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं आहे, रोज लिहा. कोणतं बोट, किती वेळ बधिर, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. मी म्हटलं, मी वादक आहे, कारकून नाही. ते म्हणाले, "मग वादकासारखं लिहा, पण लिहा." बायकोने येताना ही वही घेतली. वर ससा आहे. दुकानात हीच शिल्लक होती म्हणे. सत्तावन्नाव्या वर्षी सशाच्या वहीत लिहायचं, हेही नशिबात होतं.

तर डावा हात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. कोपरातली नस दबली आहे. अठ्ठेचाळीस वर्षं चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवताना हात कोपरात दुमडला, त्याचं हे बक्षीस. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान बोट आहे असं तरी वाटलं असतं. परवा गरम पातेल्याला टेकलं होतं. वास आल्यावर बायको धावत आली आणि तिने माझा हात बाजूला केला. नस सावकाश सुधारते, वर्ष लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर ठरलेलाच येतो. चेलोला आणि व्हायोलिनला तसलं काही नाही. गुळगुळीत काळी फळी आणि वर तारा. बोट केसभर अलीकडे पडलं की सूर उतरतो, केसभर पलीकडे पडलं की चढतो. नेमकं कुठे टेकायचं ते बोटालाच ठाऊक असतं. माझ्या दोन बोटांना आता ठाऊक नाही.

सप्टेंबरात परीक्षा आहे. नव्या संचालकांनी काढलेलं हे खूळ. वाद्यवृंदातल्या प्रत्येकाने पडद्याआड बसून वाजवायचं, सोबत आपल्या पसंतीचा एक जोडीदार आणि पियानो. ऐकणाऱ्यांना माणूस दिसणार नाही, फक्त सूर ऐकू येतील. ज्याचा सूर ढळेल त्याची खुर्ची जाईल. माझी जोडीदार ताई, हे सांगायलाही नको. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आमच्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते, तिचीही परीक्षा त्याच बैठकीत. तिला खालच्या सुरांना कुणीतरी हवं होतं म्हणून मी नवव्या वर्षी चेलो धरला, तो अजून सोडलेला नाही. ती खुर्ची गेली तर मला दुसरं काही येत नाही.

ताईला हाताबद्दल कळता कामा नये. ती कीव करील, आणि तिची कीव मला सोसायची नाही. बायकोला शपथ घातली आहे.

२१ जानेवारी

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. सगळे त्याला रंधा म्हणतात, कारण तो बोलताना समोरच्याचा एक थर काढतो. त्याला म्हटलं, चेलोच्या फळीवर बारीक खुणा चिकटवून दे, बोटं कुठे ठेवायची त्या जागी.

"शिकाऊ पोरांना लावतो तशा?"

"त्या पांढऱ्या असतात. मला काळ्या हव्यात. माझ्याशिवाय कुणाला दिसता कामा नयेत."

त्याने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि चेलो आडवा केला. दोन तास लावून त्याने केसासारख्या बारीक पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक जागेचा सूर तपासून. मग पुसता पुसता म्हणाला, "साहेब, तुमचं डोकं असतं खुंट्यांच्या बाजूला. तिथून खुणेवर नजर तिरकी जाते. पट्टी तिरकी बघून माप घेतलं की सुताराचं दार आखूड होतं. बोट खुणेवर दिसेल, पण असेल अलीकडे. सूर उतरेल तुमचा."

"माझा कान आहे ना."

"मग खुणा कशाला लावताय?"

हे लोक कामापेक्षा जास्त बोलतात. घरी येऊन वाजवून पाहिलं. डोळ्यांनी बोटांचं काम अगदी अलगद उचललं आहे. इतकी वर्षं मी बोटांच्या भरवशावर का बसलो होतो, कोण जाणे.

(डॉक्टरांसाठी: करंगळी सकाळपासून बधिर. शेजारचं बोट दुपारी थोडं जागं.)

४ फेब्रुवारी

खुणा लावल्यापासून ताईकडे आज पहिल्यांदा बसलो. ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, चेलो घेऊन चढणं म्हणजे आजारी माणसाला पाठीवरून नेण्यासारखं. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहते. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीत कुंडी. दुसरी खुर्ची माझी.

परीक्षेसाठी निवडलेलं संथ गीत घेतलं. चार ओळी झाल्या आणि ताई थांबली. माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पुन्हा घेऊ या."

पुन्हा घेतलं. या वेळी काय सांगू, दोघांचा सूर असा एक झाला की कुठे चेलो संपतो आणि कुठे व्हायोलिन सुरू होतं ते कळेना. मी मनात रंध्याला चार शब्द सुनावले. संपल्यावर ताई म्हणाली, "हात बरा आहे ना रे?"

"हाताला काय धाड भरली आहे?"

"मान खाली घालून बसतोस हल्ली. म्हणून विचारलं."

मी म्हटलं, वय झालं की माणसाने नम्र व्हावं. ती हसली आणि चहा ठेवायला उठली. बराच वेळ आली नाही, मी जाऊन पाहिलं तर पाणी उकळून आटत आलं होतं आणि ती खिडकीशी उभी होती. ताई विसरभोळी व्हायला लागली आहे.

२६ फेब्रुवारी

आज ताईशी भांडलो. आमची भांडणं नेहमी सुरांवरून होतात, माणसांवरून कधी झाली नाहीत.

व्हायोलिनला चार तारा. बोट न ठेवता तार वाजवली की ती मोकळी तार. तिचा सूर खुंटीने एकदा लावला की लावला, वाजवता वाजवता तो हलवता येत नाही. तोच सूर बोटाने शेजारच्या तारेवरही काढता येतो, आणि तो मात्र हवा तसा केसभर वरखाली सरकवता येतो. आता आमच्या गीतात सात जागा अशा आहेत की तिथे मोकळी तार वाजवावी असं कुणीही सांगेल. आवाज खुलतो. ताईने आयुष्यभर तिथे मोकळीच वाजवली. हल्ली मात्र त्या सातही ठिकाणी ती करंगळी ताणून शेजारच्या तारेवर तोच सूर काढते. एकसष्ट वर्षांची बाई, करंगळी ताणताना चेहरा आवळते.

मी म्हटलं, "हे काय नवीन? सरळ घास तोंडाशी असताना हात डोक्यामागून कशाला?"

"मोकळ्या तारेचा आवाज मला बोचायला लागलाय."

"पन्नास वर्षं नाही बोचला?"

"आता बोचतो," ती म्हणाली. "तू तुझं वाजव ना."

एकदा माझ्या आग्रहाखातर तिने ती तार मोकळी वाजवली. कशी कर्कश लागली, माझ्या सुरावर खिळा ओढल्यासारखी. मी म्हटलं, तुझी खुंटी चढली आहे, उतरव. तिने खुंटीला हात लावला, पण फिरवली नाही, मी नीट पाहिलं. पुढच्या वेळी तिने परत करंगळीच ताणली. हट्टीपणात आमच्या घराण्यात तिचा पहिला नंबर, माझा दुसरा.

१५ मार्च

वाद्यवृंदाची तालीम. माझ्या शेजारचा चेलोवाला चढं वाजवतो. त्याच्या पलीकडचाही. मी जेवताना बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "दोघंही चढे?"

"दोघंही."

"आणि तुम्ही एकटे बरोबर. नाचता येईना, अंगण वाकडं."

मी म्हटलं, माझा सूर ताईशी जुळतो, आणि ताईचा कान म्हणजे काय ते तुला माहीत आहे. लहानपणी ती नुसती भुवई वर करायची आणि मी सूर चढवायचो. ती भुवई गेल्या दोन महिन्यांत एकदाही वर गेलेली नाही. बायकोने ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

(करंगळी: काही नाही. टाचणी टोचून पाहिली, रक्त आलं, कळलं नाही.)

२८ एप्रिल

ताईच्या इमारतीला बाहेरून रंग देत आहेत, म्हणून सगळ्या खिडक्यांवर जाड कापड बांधलं आहे. भर दुपारी खोलीत अंधार. त्यात दिवा गेला. ताई म्हणाली, पाठ आहे ना, असंच वाजवू या. मला खुणा दिसेनात. पण नाही कसं म्हणणार? डोळे असून नसल्यासारखे. म्हटलं, होईल ते होईल, आणि हात जाईल तिथे जाऊ दिला.

आणि आज ताई चुकली. पहिल्या ओळीपासून खाली. माझ्यापेक्षा चांगली केसभर खाली. दुसऱ्या ओळीत ती भराभर वर आली, जमलं, पण पहिली ओळ मी विसरू शकत नाही. ताई आणि बेसूर, हे दोन शब्द मी कधी शेजारी लिहीन असं वाटलं नव्हतं.

मी सौम्यपणे सांगितलं. "ताई, सुरुवातीला खाली होतीस."

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. "हो," ती म्हणाली. "मी होते." मग जरा थांबून, "तू मात्र छान होतास. फार दिवसांनी. अरे, एक करशील? नेहमी असंच वाजव. डोळे मिटून."

"मी काय आंधळा आहे?"

"गंमत म्हणून. माझ्यासाठी."

"परीक्षा चार महिन्यांवर आणि तुला गंमत सुचते."

तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर माझा हात धरला. मी सोडवून घेतला. तिला आपली चूक झाकायला काहीतरी हवं होतं, हे मला कळत होतं. पुढच्या वेळी मी घरून नवा दिवा नेणार आहे, चांगला प्रखर.

९ जून

आज लवकर पोचलो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तर वरून ताईचं व्हायोलिन ऐकू आलं. एकटीच वाजवत होती. आमच्या गीतातली एकच ओळ. ती ओळ खाली वाजायची, मग मोकळी तार, मग तीच ओळ पुन्हा खाली, मग मोकळी तार. वीसेक वेळा तरी. मध्ये एकदा तारांवर फिरवायचा गज टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग परत तेच.

तिला सूर सापडत नाही. मला जिन्यात रडू आलं, खोटं कशाला लिहू. मी खाली जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो आणि मोठ्याने खोकत वर गेलो. तिला कळू दिलं नाही. बरोबर वाजवायला बसलो तर काय, सगळं जुळलं. माझ्यासोबत असली की तिला सूर सापडतो. म्हणजे आता ताईला सांभाळून न्यायची जबाबदारी माझी आहे. लहानपणी तिने मला सांभाळलं, आता फेडायची वेळ आली.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताईंशी एकदा मोकळेपणाने बोला ना हो. तुमचं तुम्ही सांगा, त्यांचं त्यांना सांगू दे."

मी म्हटलं, परीक्षा होऊ दे.

११ सप्टेंबर

झाली परीक्षा.

पडद्याआड तीन खुर्च्या, माझ्या मागे दिवा. खुणा स्वच्छ दिसत होत्या. पियानोवाल्याने सुरुवात केली. पियानो चढा लावला होता. मी आत शिरलो आणि एका सुरात कळलं. पियानोचे सूर काही वाजवताना हलवता येत नाहीत, तो लावून ठेवतात तसाच राहतो. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, मग पियानोकडे, मग परत माझ्याकडे. तिची ओळ यायला दोन क्षण होते. आयुष्यात मी तिला वाजवण्याआधी घाबरलेली पाहिली नव्हती. मग तिने गज टेकवला आणि माझ्या सुरात येऊन बसली.

शेवटपर्यंत आम्ही एक होतो. पियानो वेगळा. मी बाहेर पडताना पियानोवाल्याला सांगितलंही, वाद्य तपासून घ्या. तो माझ्याकडे बघतच राहिला.

ताई जिना उतरताना म्हणाली, "तुझं चांगलं झालं."

"आपलं," मी म्हटलं.

१९ सप्टेंबर

पत्रं आली. मी राहिलो. ताई गेली.

तिच्या पत्रात लिहिलं आहे, व्हायोलिनचा सूर सतत पियानोखाली. माझ्या पत्रात नुसतं, सुराकडे अधिक लक्ष द्यावं. व्हायोलिन सगळ्यांच्या वर वाजतं, त्यामुळे त्याचा दोष आधी ऐकू येतो. चेलो तळाशी असतो, त्याचं खपून जातं. माझं काय खपलं म्हणा, माझं तर बरोबरच होतं.

मी तिच्याकडे धावत गेलो. ती कुंडीला पाणी घालत होती. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "तुझं राहिलं ना? मग झालं."

"मी संचालकांशी बोलतो. पियानो चढा होता."

"पियानो बरोबर होता, अरे."

"ताई, कान थकतो वयाने. त्यात लाज कसली."

ती माझ्याकडे पाहून हसली. मग म्हणाली, "पन्नासच्या वर वर्षं वाजवलं. पुष्कळ झालं. तू सांभाळून राहा." तिने माझ्यासाठी चहा केला, आम्ही हवापाण्याचं बोललो. जिना उतरताना मला वाटलं, आपण सुटलो. त्या वाटण्याची मला लाज वाटते. हात माझा गेला आणि खुर्ची तिची. कुठेतरी अन्याय झाला आहे, पण कुठे ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही.

बायको स्वयंपाकघरात रडत होती. मी म्हटलं, तू का रडतेस? म्हणाली, कांदा.

३ नोव्हेंबर

हाताची चांगली बातमी. सकाळी अंघोळीला पाणी घेतलं आणि करंगळीला गरम लागलं. मी तसाच ओरडत बाहेर आलो. डॉक्टर म्हणाले, नस जागी होते आहे, धीर धरलात ते बरं केलंत. बायकोने वहीतल्या सशाच्या गळ्यात पेनाने हार काढला.

पहिला विचार ताईला सांगायचा आला. पण आजाराचंच सांगितलं नाही, तर बरं झाल्याचं काय सांगणार.

१४ नोव्हेंबर

ताईच्या जागी नवा व्हायोलिनवाला आला आहे. चाळिशीचा, टक्कल, बोलणं कमी. संचालकांनी सांगितलं की पुढच्या कार्यक्रमात तुम्ही दोघं ते संथ गीत वाजवा. आज पहिल्यांदा बसलो.

दुसऱ्याच ओळीत त्याने मोकळी तार वाजवली आणि माझा सूर त्यावर असा आपटला की मी गज उचलला. म्हटलं, "तुमची खुंटी चढली आहे."

त्याने पियानोचा तोच सूर दाबला. त्याची मोकळी तार आणि पियानो एकच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्ही वाजवा."

मी खुणेवर बघून बोट ठेवलं. सूर खाली होता. पुढच्या खुणेवर खाली. त्याच्या पुढच्या खुणेवर खाली. त्याने काही सुनावलं नाही, फक्त पियानोचे सूर एक एक करून दाबत गेला, आणि मी प्रत्येक ठिकाणी खाली होतो.

"डोळे मिटून बघा," तो म्हणाला. "काही जणांना नजर फसवते."

मिटले. आले सूर. सगळे नाहीत, पण आले.

मी चेलो उचलून थेट रंध्याकडे गेलो. त्याने मला खुर्चीत बसवलं, खुणेवर बोट ठेवायला लावलं आणि बाजूने बघून हसलासुद्धा नाही. "प्रत्येक ठिकाणी अलीकडे," म्हणाला. "जानेवारीत सांगितलं होतं." पालथ्या घड्यावर पाणी ओतलं होतं त्याने.

मी सगळ्या खुणा नखाने खरवडून काढल्या. आणि त्याच्या दुकानात बसल्या बसल्या एकेक गोष्ट मला समजत गेली. ती करंगळी का ताणायची. तार का बोचायची. अंधारात ती खाली का होती, आणि डोळे मिटून वाजव असं तीनदा का म्हणाली. पियानो बरोबर होता. त्या दोन क्षणांत तिने पियानो सोडला आणि मला धरलं.

१५ नोव्हेंबर

ताईकडे गेलो. दारातच म्हटलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"फेब्रुवारी. चार ओळी ऐकल्या तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास. कुणी इतकं जिवाच्या आकांताने लपवत असेल तर त्याला काय सांगायचं? वाटलं, तुझा हात सुधारेपर्यंत मी सांभाळून घेईन. आणि सांगितलं ना एकदा, डोळे मिट म्हणून."

"नीट सांगायचं होतंस. शिव्या घालायच्या होत्यास."

"चुकलंच," ताई म्हणाली. "मलाही तुझी खुर्ची जाण्याची भीती वाटत होती."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. तिने माझा डावा हात हातात घेतला आणि करंगळी दाबून विचारलं, "हे कळतंय?" कळत होतं.

१८ नोव्हेंबर

संचालकांना सगळं सांगितलं. खुणा, हात, ताई, सगळं. राजीनामा समोर ठेवला. म्हटलं, माझी खुर्ची घ्या, पण तिला परत ऐका. आणि एकटीला ऐका, माझ्याशिवाय. माझ्यासोबत ऐकलंत म्हणून ती बुडाली. तुम्हाला कळेल तिचा सूर कसा आहे तो.

माणूस वाटला तसा कठोर नाही. राजीनाम्याचा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "ठीक आहे. बारा डिसेंबर. एकट्याच येऊ द्या त्यांना. राजीनामा तोवर तुमच्याकडेच ठेवा."

एका वर्षात मला पहिल्यांदा शांत झोप लागणार आहे.

२ डिसेंबर

ताई मला वाजवून दाखवत नाही. माझं मी बघते, म्हणते. मी म्हटलं, बरं. तिला अभिमान असणारच, आणि तो असायलाच हवा.

११ डिसेंबर

उद्या तिचं आहे, म्हणून आज हट्टच धरला. ती नको नको म्हणत खुर्चीत बसली आणि वाजवायला लागली.

खाली होती. आमचं गीत नव्हतं, दुसरंच होतं, तरी खाली. कुठेही कशीही नाही, ठरावीक ठिकाणी. मी थांबवलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "ऐकलंस? जूनपासून प्रयत्न करते आहे. तुझ्याशी जुळवायला मी हात अलीकडे आणला, रोज, तासन् तास. बोटांना आता तीच जागा माहीत आहे. मला ऐकू येतं रे सगळं, कान गेलेला नाही. पण हात ऐकेपर्यंत सूर निघून गेलेला असतो."

मी सोबत आणलेला माझा चेलो ओढून घेतला आणि डोळे मिटून वाजवायला लागलो. बोटांना तार लागत होती. ती माझ्यात आली आणि क्षणात वर आली, स्वच्छ, पूर्वीसारखी. मी थांबलो, ती खाली गेली. परत सुरू केलं, परत वर आली. सात-आठ वेळा करून पाहिलं.

माझ्यासोबत ती बरोबर आहे. आणि उद्या तिला एकटीला ऐकणार आहेत, कारण मी तसं मागितलं.

१२ डिसेंबर

सकाळी मी तिच्या आधी संचालकांकडे गेलो. म्हटलं, मला सोबत बसू द्या. ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात एकटीला ऐका. आता रोज प्रत्येक कार्यक्रमात तुम्ही त्यांच्या शेजारी बसणार आहात का?" मी दाराशी जाऊन उभा राहिलो. ताई आल्यावर तिला म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, "बोलावलंय तर जायला हवं."

मी बाहेर बाकावर बसलो. दार जाड होतं, तरी व्हायोलिन ऐकू येत होतं, आणि पियानो. तिने एकही मोकळी तार टाळली नाही. त्या सगळ्या बरोबर लागल्या आणि त्यांच्या शेजारी तिचा हात कुठे कुठे उतरतो ते आणखी स्पष्ट कळलं. मला प्रत्येक जागा पाठ होती. एकही तिची नव्हती, सगळ्या माझ्या होत्या.

ती बाहेर आली. व्हायोलिनची पेटी छातीशी धरली होती.

"खरं सांग," म्हणाली. "कसं झालं?"

"खाली होतीस, ताई. सगळीकडे."

"हं." तिने मान हलवली. "मग तुझा कान आता ठिकाणावर आला म्हणायचा."

ती हसली आणि जिना उतरायला लागली. मी बाकावरच बसलो होतो. तिने खालून हाक मारली, मी गेलो, आणि रस्त्याने तिचं घर येईपर्यंत ती माझी समजूत घालत होती.